हरळीवरचे जळके डाग

कुत्री खाली बसली रे बसली की मी बादली घेऊन धावत सुटायचे. अंगात ऑफिसचा कुडता, त्यावर बाबांचा जुना स्वेटर, पायात रबरी चपला, आणि गुरुग्रामच्या जानेवारीतलं धुकं, ज्यात आमचं फाटकसुद्धा दिसायचं नाही. तिचं उरकून ती दोन पावलं पुढे गेली की त्या ओल्या जागेवर बादली उपडी करायची, नळाखाली पुन्हा भरायची, पुन्हा उपडी. बोटं बधिर व्हायची. शेजारचा ड्रायव्हर गाडी पुसता पुसता हात थांबवून बघत राहायचा. बघ म्हटलं, बघून घे. पुण्याची शिकलीसवरलेली बाई, हाताखाली अख्खी टीम, आणि सकाळी सकाळी कुत्रीच्या मुतावर पाणी ओततेय.

मूत हा शब्द कुणाला खटकत असेल तर माफ करा. ‘शू’ म्हणून बघितलं. पण ज्या गोष्टीनं माझी झोप, भूक आणि सगळ्या शिल्लक रजा खाल्ल्या, तिला लाडाचं नाव द्यायला जीभ वळत नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका लॉनसाठी. तेही माझं नाही, घरमालकिणीचं. ते वसंत पंचमीपर्यंत सुधारलं नाही तर कुत्रीला घराबाहेर काढावं लागणार होतं. कुत्री गेली तर बाबा जाणार होते. परत पुण्याला, बंद फ्लॅटमध्ये, एकटे, ऐंशीच्या घरात पोचलेले. त्या हिवाळ्यात माझा जीव टांगणीला लागला होता तो एवढ्यासाठी.

आई गेल्यानंतर बाबा तिकडे एकटेच होते. मी लग्न केलेलं नाही, नोकरी इकडे, आणि मी दर रविवारी फोनवर ‘बाबा, इकडे या’ म्हणायचे आणि ते ‘बघू’ म्हणायचे. तेव्हाच कधीतरी गल्लीतली ही कुत्री त्यांच्या मागे मागे जिना चढून वर आली आणि राहिली. तांबूस रंगाची, एक कान दुमडलेला. कुणाला विचारलं नाही, परवानगी नाही, सरळ आईच्या खुर्चीखाली जाऊन झोपली. बाबांनी फोनवर सांगितलं, ‘अगं, घरात कुणीतरी घोरतंय, बरं वाटतं.’ पुढे बाबांचे गुडघे गेले, कुत्रीची कंबर गेली, जिना दोघांनाही झेपेना. तेव्हा मी हट्टालाच पेटले. मी राहत होते तो विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट सोडला आणि एका जुन्या कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, तळमजला भाड्यानं घेतला. पायऱ्या नाहीत, पुढे लॉन, ऊन. बाबा आले, ती आली. मला वाटलं, झालं, जिंकले.

घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते. मी तिला आंटीजी म्हणते. पंजाबी, विधवा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, आवाज खणखणीत. हे लॉन तिच्या नवऱ्यानं स्वतः लावलेलं. पानिपतच्या रस्त्यावर कुठलीशी नर्सरी होती, तिथून गाडीच्या डिकीत घालून त्यानं ही हरळी आणली होती असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. हिवाळाभर दुपारी ती तिथे खुर्ची टाकून बसायची, शेंगा सोलायची, मटार सोलायची, आणि नवरा गेल्यावरही बसायची. आम्ही राहायला आलो तेव्हा तिची अट एकच. ‘बेटा, बाक़ी सब तुम्हारा। बस मेरे लॉन का ख़याल रखना।’ मी म्हटलं, ‘बिल्कुल आंटीजी.’ बाबा मागून मराठीत पुटपुटले, ‘पानिपतचं गवत का? आता आपलं काय होणार ते उघडच आहे.’ मी हसले होते तेव्हा.

पावसाळाभर काही झालं नाही. वरून पाणी पडत होतं, सगळं धुऊन जात होतं, लॉन हिरवंगार. गणपतीत तर बाबांची ऐट विचारू नका. ‘दिल्लीवाले याला दूब म्हणतात, पण ही आपली दूर्वाच आहे,’ म्हणून स्टुलावर बसून त्यांनी निवडून निवडून जुड्या बांधल्या, माझ्या ऑफिसातल्या मराठी घरांना पाठवल्या, वर आंटीजींच्या देवघरातही दिल्या. आंटीजी खूश. बाबांना हिंदी धड येत नाही, तिला मराठी येत नाही, तरी दोघं संध्याकाळी लॉनवर बसून एकमेकांना काहीबाही सांगत असायची. मध्ये कुत्री पसरलेली. असं असताना कोण कशाला जमिनीकडे बघेल?

पाऊस थांबला आणि डाग उठले. मधे वाळलेल्या पेंढ्यासारखं पिवळं, आणि भोवती काळपट हिरवी गोल कड. आधी एक, मग फाटकाजवळ दोन, मग लॉनवरच्या झोपाळ्याखाली एकात एक मिसळलेले. मला वाटलं कीड लागली. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माळ्याला दाखवलं. त्यानं चपलेच्या टोकानं गवत उकरलं आणि म्हणाला, ‘मिट्टी में जान नहीं है मैडम, यूरिया डालो।’ मी लगेच यूरिया आणून सढळ हातानं टाकला. कडेच्या हिरव्या कडा होत्या, त्याही चार दिवसांत भाजून निघाल्या. मागाहून वाचलं तेव्हा कपाळावर हात मारला. कुत्रीच्या मुतात तेच असतं. थोडं असलं तर खत, एका जागी फार झालं तर गवताची मुळं जाळतं. आणि कुत्रे तंगडी वर करून इथे तिथे चार थेंब उडवतात, कुत्री मात्र एका जागी बसून सगळं तिथेच रिकामं करते. म्हणजे जिथे आधीच जास्त झालं होतं तिथे मी ओंजळीओंजळीनं आणखी घालत होते! शाबास.

एकदा डागांचं कारण कळल्यावर बाबांनी त्यांचं निदान काढलं. ‘उष्णता झालीय तिला. एवढं गवत जळतंय म्हणजे आत किती आग असेल बघ.’ आमच्या घरात उन्हाळी लागली, लघवीला जळजळ झाली, की धने-जिऱ्याचं पाणी. आई द्यायची, आजी द्यायची, मीही प्यायलेय. बाबांनी पातेलंभर धने भिजवले. गाळलेलं पाणी कुत्रीला. दुपारी ताक. वर भिजवलेला सब्जा, तो ती शिंकत शिंकत चाटायची. आणि कुत्री बिचारी बाबांनी दिलं की काहीही पिते. धने-जिऱ्याच्या पाण्यानं होतं काय? लघवी मोकळी होते. इतकी मोकळी झाली की ती लॉनभर जागोजाग बसत सुटली.

मी ऑफिसातून आले, बघते तर बाबा कौतुकानं सांगतायत, ‘आज बघ, किती साफ होतेय तिला!’ माझं डोकंच फिरलं. ‘बाबा, बास! जेवढं पाजाल तेवढी ती मुतणार, आणि जेवढी मुतेल तेवढं जळणार. तुम्हाला कळतंय का काही? कशाला पाजता एवढं पाणी?’

बाबा ‘बरं’ म्हणाले. बाबांनी बरं म्हटलं की विषय मिटला, असं मी लहानपणापासून धरून चालत आलेय.

दिवाळीनंतर आंटीजींकडे पाहुणे आले. मुलाचं लग्न ठरलं होतं. सगळे उन्हात बसायला खाली उतरले आणि बाईनं लॉन बघितलं. पाऊस थांबल्यापासून गुडघ्यामुळे ती खाली उतरलीच नव्हती, आणि वरून बाल्कनीतून तिला काही अंदाज आला नव्हता. पाहुणे गेल्यावर मला हाक मारली. चेहरा लाल. ‘ये मेरे घरवाले की निशानी है।’ एवढंच बोलली आणि डोळ्यांना ओढणी लावली. मग सावरून म्हणाली, ‘बसंत पंचमी पे बेटे की सगाई है, यहीं लॉन में। तब तक ठीक करवा दो। नहीं तो इस कुत्ते का कहीं और इंतज़ाम कर लो बेटा, मैं सच कह रही हूँ।’

मी घरात येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. ‘ती जाईल तिथे मी,’ म्हणाले. ‘तिकीट काढून ठेव.’

‘असं काय बोलता?’

‘अगं, ती माझ्याच मागे आली होती ना? आता मी तिच्या मागे जातो. त्यात काय एवढं?’

मग मात्र मी हात धुऊन मागे लागले. इंटरनेटवर जे जे होतं ते सगळं केलं. कुणी म्हणतं जेवणात टोमॅटो घाला, घातला, तिला जुलाब झाले. कुणी म्हणतं जमिनीवर चुना मारा, मारला, आणखी एक पांढरा डाग वाढला. कुणी म्हणतं तिला एका कोपऱ्यात बसायची सवय लावा. हे मला पटलं. मागच्या भिंतीशी रेती आणि बारीक खडी टाकून कोपरा केला. रोज पट्टा लावून तिला तिथे नेऊन उभी करायची. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे बघायचे. अर्धा अर्धा तास. ‘कर गं बाई, कर, उपकार कर,’ मी अक्षरशः हात जोडायचे. ती खडीवर एक पाय ठेवायची, उचलायची, आणि पोटात धरून ठेवायची ती थेट पट्टा सुटेपर्यंत. सुटली की झोपाळ्याखाली. बाहेर रस्त्यावर न्यावं तर गल्लीतली टोळी तिच्यावर तुटून पडायची, ह्या वयात तिला ते झेपणार नव्हतं. माळ्याचं म्हणणं, ‘बाँध के रखो।’ बाबांना ते भाषांतर करून सांगायचीही सोय नव्हती.

शेवटी डाग खणून काढायला घेतले. मेलेलं गवत मुळासकट उपटायचं, खाली भसाभसा पाणी सोडून माती धुवायची, वरची माती बदलायची आणि चांगल्या जागच्या हरळीचे वेल तोडून तिथे रोवायचे. शनिवार-रविवार माझं तेच काम. त्या दिवसांत हवा अशी होती की शाळा बंद, डोळे चुरचुरतायत, घशात राख. लोक घरात हवा शुद्ध करायचं यंत्र लावून बसले होते आणि मी तोंडाला मास्क लावून उकिडवी बसून गवत लावत होते. बाबा व्हरांड्यात खुर्चीत, मांडीवर पेपर पसरून वेलाचे तुकडे निवडून द्यायचे, मेथी निवडावी तसे. खोकायचे. मी ‘आत जा’ म्हणून ओरडायचे. ते ‘हे एवढं झालं की जातो’ म्हणायचे.

एक वेल रुजला नाही. थंडी वाढत गेली तसं नवीन लावलेलं मेलं, आणि मग जे चांगलं होतं तेही पिवळं पडू लागलं. आधी डागांच्या आसपास, मग फाटकापर्यंत, मग सगळंच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी विचार केला, आता विष खोल मुरलं. ऑफिसच्या आवारातलं लॉन हिरवंकंच होतं ना! मी लंच टाइममध्ये काचेतून ते बघायचे आणि मला घास गिळवायचा नाही. म्हणजे थंडीचा दोष नाही, दोष आमच्याकडेच आहे. तेव्हापासून ती बादली सुरू झाली. कुत्री बसली की धाव, ओत, भर, ओत. ऑफिसच्या कॉलवर असताना मध्येच खिडकीतून तिला बसताना बघितलं तर ‘वन मिनिट प्लीज’ म्हणून कॅमेरा बंद करून पळायचे. परत आले की कोपरापर्यंत ओली, आणि कुणीतरी प्रश्न विचारलेला असायचा आणि मला काय चाललंय ह्याचा पत्ता नसायचा. रडायला यायचं. मूर्खासारखं, गवतासाठी, घळाघळा.

वसंत पंचमी जवळ आली. मी प्राण्यांना ठेवून घेणाऱ्या जागांचे फोन फिरवायला लागले. खोटं कशाला बोलू? दुसरं काय करणार होते? मी ठरवलं होतं की जागा चांगली असेल तर बाबांनाही तिथे दर रविवारी गाडीतून नेईन, मग कदाचित ते राहतील. कुणी म्हणायचं म्हातारं जनावर घेत नाही, कुणी म्हणायचं नाव लिहून ठेवतो.

आणि त्यातच एका सकाळी कुत्री उठेना. लॉनवर नेली तर बसायची, कण्हायची, काही व्हायचं नाही. पुन्हा बसायची. नुसते दोन थेंब, गडद. मी बादली हातात घेऊन उभी, आणि पाणी ओतावं असं खाली काही नाहीच.

जनावरांच्या डॉक्टरकडे जाताना बाबा मागच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन बसले. डॉक्टर तरुण होता, जरा फटकळ. म्हणाला, इन्फेक्शन आहे, आणि लघवी भयंकर घट्ट आहे. ‘पानी नहीं पीती क्या? जितना कम पानी, उतना गाढ़ा। घास भी जला रही होगी।’ मी म्हटलं, ‘पीती है डॉक्टर साहब, मैं रोज़ सुबह कटोरा भरके जाती हूँ।’ बाबांनी कुत्रीच्या कानावरून हात फिरवला आणि भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले. माझ्या लक्षात आलं. बाबांना हिंदी बोलता येत नसली तरी ‘पानी’ कळतं.

घरी येईपर्यंत मी दम धरला. दार लावलं आणि विचारलं, ‘बाबा, तुम्ही तिचं पाणी काढून घेता?’

‘तू ऑफिसला गेलीस की उचलून ठेवतो वाडगं. संध्याकाळी थोडं देतो.’

‘कधीपासून?’

‘तू ओरडली होतीस ना, तेव्हापासून. पाजू नका म्हणालीस.’

अरे देवा! मी म्हटलं होतं धन्याचं पाणी! मी म्हटलं होतं पातेलीच्या पातेली! मी किती ओरडले ते सांगत नाही. थंडीत दारं-खिडक्या बंद असूनही वरपर्यंत गेलं असेल. मी पहाटे उठून एकेक डाग धुतेय, आणि तुम्ही तिला तहानलेली ठेवून ते आणखी जहाल करताय? तिचा जीव गेला असता तर? बाबा खाली मान घालून ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, ‘ती काही म्हणाली नाही गं.’ आणि मग मला पुढे ओरडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि वर गेले. हरले होते. म्हटलं, सरळ सांगून टाकू, आंटीजी, नाही जमलं, दुसरं घर बघते, थोडी मुदत द्या. वर साखरपुड्याची गडबड चालली होती, पलंगभर साड्या आणि मेव्याचे डबे. मी दारातच सुरू केलं, ‘आंटीजी, आय ॲम सॉरी, लॉन सगळं मेलं. पूरा मर गया।’

तिनं मला हाताला धरून बसवलं. ‘कौन मर गया?’

‘लॉन.’

‘अरे पागल, दूब तो हर सर्दी में पीली पड़ती है! सोई हुई है। होली तक अपने आप उठ जाएगी।’

मी विचारलं, मग ऑफिसचं लॉन? तर ते हिवाळ्यासाठी वेगळं बी पेरतात म्हणे, थंडीत वाढणारं गवत, मोठ्या ठिकाणी तसं करतात. इकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे हे. मला कोण सांगणार? आमच्याकडे थंडीत स्वेटर कपाटातून बाहेर निघतो न निघतो, हरळी कशाला झोपेल?

‘पण सगाई?’ मी विचारलं.

‘टेंटवाला पूरे लॉन पे कारपेट बिछाएगा ना। हरा वाला। घास किसको दिखनी है?’ तिला काजूचा डबा सापडत नव्हता, ती तो शोधत होती. मी कुत्रीचं विचारलं. तर म्हणे, डाग बघून राग आला होता, आताही आहे, झोपाळ्याखाली बसू देऊ नकोस, आणि होळीनंतर ते गोल गोल दिसले तर परत रोपून घे. ‘उस दिन बस अंदर रखना, मेहमानों पे भौंके नहीं।’

बस? एवढंच? मी भराभर जिना उतरले. हसू येत होतं आणि कुणाला तरी एक ठेवून द्यावीशी वाटत होती, बहुतेक मलाच. घरात शिरता शिरता ओरडले, ‘बाबा, सुटलो! कुठे जायचं नाही कुणी!’

बाबांना सगळं सांगितलं. हिरव्या कारपेटचं ऐकून ते खूप हसले, खोकला येईपर्यंत. कुत्री औषधानं जरा सावरली होती. मी वाडगं काठोकाठ भरून तिच्यापुढे ठेवलं, आणि ती प्यायला लागली ती थांबेचना. लपलप लपलप. आम्ही दोघं ऐकत बसलो. फरशी गार होती, तिच्याखाली घालायला काही आणावं म्हणून मी बाबांच्या खोलीत गेले. त्यांच्या पलंगावरची जुनी सोलापुरी चादर ओढली.

चादरीखाली त्यांचा रेनकोट पसरलेला होता. पुण्याहून आणलेला, निळा. बाह्या व्यवस्थित बाजूला काढून, सुरकुती न ठेवता गादीवर अंथरलेला. त्याच्यावर पाण्याचे वाळलेले डाग होते. खोलीत फिनाइलचा वास होता, आणि बाथरूमच्या दारामागे एक धुतलेला पायजमा, बाहेर दोरीवर न टाकता, आतच वाळत घातलेला.

मी चादर हातात घेऊन बाहेर आले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

‘कधीतरीच होतं,’ ते म्हणाले. ‘रोज नाही. आता तर फारच कमी. दुपारनंतर मी पाणीच पीत नाही.’

‘बाबा…’

‘तू फोनवर बोलत होतीस ना कुणाशी. म्हातारी झालीय, आवरत नाही तिला, कुठे चांगली सोय असेल तर सांगा. मी इथेच बसलो होतो.’

‘ते तिच्याबद्दल होतं!’

‘माहितीय गं. मी काय वेडा आहे?’ त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. ‘म्हटलं, तिचं नाव आधी लागलंय, मग आपलं. आपण आपलं पाणी कमी करावं. तू एक तर सकाळी तिच्या मागे बादली घेऊन धावतेस. माझ्यामागे आणखी किती धावशील?’

ते चिडून बोलत नव्हते. उद्या भाजी काय आणायची ह्याच्याइतकं सरळ बोलत होते. रोज पहाटे उठून मी ह्या माणसाला ठेवून घेण्यासाठी धडपडत होते, आणि तो माझ्याच घरात, माझ्या भिंतीपलीकडे, तहान मारून पाहुण्यासारखा राहत होता. मला इतकं रडू आलं की ती चादर मी तोंडावरच घेतली. कुत्री प्यायची थांबली आणि उठून माझ्या पायाशी येऊन उभी राहिली.

स्वयंपाकघरात जाऊन मी मोठा ग्लास भरला. बाबांपुढे धरला. त्यांनी सवयीनं खिडकीकडे बघितलं. ऊन उतरलं होतं.

‘उद्या सकाळी पितो.’

‘आत्ता.’

‘आणि रात्री झालं तर?’

‘मला हाक मारायची.’

‘झोपेतून उठवून?’

‘उठवून.’

‘रोज?’

‘रोज. बाबा, रोज.’

मी काही हात खाली घेतला नाही. मग त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला, आणि मध्ये कुठेही न थांबता तळापर्यंत प्यायले. हनुवटीवरचं पाणी बाहीनं पुसलं आणि लहान मुलानं विचारावं तसं, जरा लाजत विचारलं, ‘अजून आहे का गं?’